ए आणि ब

नवीनचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते आणि ‘वापरण्यापूर्वी वाचा’ हे वाक्य पहिल्या पानावर हवं की दुसऱ्या, यावर आमचा वाद रंगला होता. यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. नवीन, माझा नवरा, एवढंच म्हणाला, “अण्णा गेले गं... चहा पिता पिता.” एचएसआर लेआउटमधल्या ऑफिसातून राजाजीनगरला सासरी पोचेपर्यंत मला एकच गोष्ट आठवत राहिली, आणि ती काही चांगली गोष्ट नव्हती. मी एकदा चारचौघांत अण्णांना हसले होते.

अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांचे पूर्वज इथे, या कानडी मुलखात, कधी आले ते त्यांनाही सांगता येत नसे. राजाजीनगरात कापडाचं दुकान, घरात मराठी, आणि त्या मराठीत कानडी असं मुरलेलं की वेगळं काढता येऊ नये. मी पुण्याची. त्यामुळे शुद्धलेखनापासून आमटीपर्यंत सगळं मलाच कळतं, अशी माझी समजूत होती. ते प्रत्येक गोष्टीला “सरी” म्हणायचे. लग्नानंतर पहिले काही दिवस मला कळेना की हे सारखे पावसाच्या सरींबद्दल का बोलतायत! मग समजलं की ‘सरी’ म्हणजे ‘बरं, ठीक’. पुढे हेही समजलं की त्यांना मनातून पटलं नाही तरी ते “सरी” म्हणतात. मात्र कुठलं ‘सरी’ कोणतं, ते ओळखायला मला फार वर्षं लागली.

दुकान नवीनच्या चुलतभावाकडे सोपवल्यावर अण्णांचा जीव भजनी मंडळात होता. गळा साधाच, पण सुराला पक्का. तीन वर्षांपूर्वी कसल्याशा तापात त्यांचा डावा कान जवळजवळ गेला. डॉक्टरांनी दिलेलं श्रवणयंत्र लावलं की म्हणायचे, माणसांचं बोलणं कळतं पण पेटी डब्यासारखी वाजते. मंडळात जाणं त्यांनी बंद केलं. मंडळाची जुनी रेकॉर्डिंग घरी ऐकायचे, तीही अर्धवट. मी एकदा कारण विचारलं. “गाणं एका बाजूस कलतंय गं,” ते म्हणाले. “मधोमध यायला पाहिजे. नाही आलं तर ते गाणं नव्हे, शेजारच्यांचा रेडिओ.” मला हे तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं होतं.

मग एका रविवारी ते जयनगरहून एक जडशीळ काळी पेटी घेऊन आले. तिथलं एक जोडपं सामान विकून परदेशी चाललं होतं. ही पेटी म्हणजे हेडफोनला ताकदीचा, स्वच्छ आवाज पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर, आणि जाहिरातीत त्यापुढे ‘बॅलन्स्ड’ असं लिहिलेलं. अण्णांनी त्या एका शब्दावर ती घेतली. दोन कानांचा बॅलन्स करणारं मशीन, असं त्यांनी जेवताना सगळ्यांना सांगितलं. त्या दिवशी पंगतीला नणंद होती, तिचे यजमान होते. मी हसू आवरलं नाही. “अण्णा, तो बॅलन्स तारांचा असतो, कानांचा नव्हे,” मी म्हणाले, आणि आवाज नेणाऱ्या तारा जोडीजोडीने कशा असतात, त्यामुळे खरखर कशी कमी होते, यावर पाच मिनिटं भाषण ठोकलं. सगळे हसले. अण्णा “सरी” म्हणाले आणि ताटातला भात कालवत राहिले. मी बोलले ते सोळा आणे खरं होतं. पण कुठलं खरं कधी बोलावं, ते काही मी शिकले नव्हते.

त्याची भरपाई म्हणून असेल, पुढचे चार-पाच रविवार मी त्या पेटीमागे लागले. माहितीपुस्तिका हरवलेली, बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. पुढच्या अंगाला हेडफोनच्या दोन जाड पिनांसाठी दोन तीन-छिद्री सॉकेट, बाजूला साध्या हेडफोनचं एक गोल भोक, वर दोन नॉब, आणि सगळ्यांखालची अक्षरं पुसून गेलेली. “तू हेच काम करतेस की. मला एक मराठीत लिहून दे, मोठ्या अक्षरांत,” अण्णा म्हणाले. मी लगेच वही काढली. दोन नॉब कशाला, हे कोडं होतं. हेडफोन अण्णांच्या डोक्यावर चढवला आणि मी एकेक नॉब थोडा थोडा फिरवत विचारत गेले. उजवा फिरवला की ते मान हलवायचे. डावा फिरवला की नुसते माझ्याकडे बघत बसायचे. निष्कर्ष सोपा होता. उजवा नॉब या बॅलन्स्ड सॉकेटांचा, डावा त्या साध्या, एकेरी भोकाचा. वहीत मी तसं ठसठशीत लिहिलं. स्वतःच्या कानाला एकदाही न लावता! ज्या चुकीवरून ऑफिसात मी नव्या लोकांना फाडून खाते, तीच.

पुढच्या खेपेला गेले तर नॉबखाली चिकटपट्ट्या लावलेल्या. डाव्याखाली निळ्या शाईत ‘ए’, उजव्याखाली ‘ब’. मी खूश. ए एकेरीचा, ब बॅलन्स्डचा. “ऐकलंत म्हणायचं माझं,” मी म्हणाले. अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग म्हणाले, “सरी.” माहितीपुस्तिका तेवढी राहिली. आज लिहू, उद्या लिहू... त्यांनी दोनदा आठवण केली, नंतर केली नाही. त्यांना आता ती नको असेल, असं मी सोयीस्करपणे धरून चालले. दुपारी फोन केला तर पुष्कळदा उचलायचे नाहीत. सासूबाई म्हणायच्या, बसलेत कानाला लावून, उठवू का?

दिवसकार्य उरकल्यावर गेल्या आठवड्यात त्यांची खोली आवरायला गेले. नवीनने विचारलं, हे मशीन कुणाला द्यायचं? म्हटलं, आधी चालतंय का बघू. अण्णांच्या खुर्चीत बसून मी पहिल्यांदाच तो हेडफोन लावला आणि मंडळाचं रेकॉर्डिंग सुरू केलं. डाव्या कानात आवाज असा आदळला की मी दचकून हेडफोन काढला. पुन्हा लावला. उजवीकडे भजन हळू, डावीकडे नुसता दणका. बिघडलंय, असं वाटून ‘ब’चा नॉब शून्यावर आणला. उजवा कान मुका झाला, डावा तसाच वाजत राहिला. ब म्हणजे बॅलन्स्ड असता तर दोन्ही बाजू बंद पडायला हव्या होत्या. मी ‘ब’कडे बघत बसले... आणि आठवलं की तासाभरापूर्वीच येताना ऑटोवाल्याला मी वळणावळणावर सांगत होते, एडक्के, बलक्के. डावीकडे, उजवीकडे. इतकी वर्षं रोज सांगते आहे. एड म्हणजे डावं, बल म्हणजे उजवं. एका कानाला एक नॉब. मी डावा नॉब हळूहळू फिरवला होता आणि तो त्यांच्या अधू कानापर्यंत पोचलाच नव्हता. माझ्या पाठीमागे, एकट्याने, त्यांनी तो पार वर नेऊन बघितला असणार.

‘ब’ मी पुन्हा होता तिथे आणून ठेवला. चिकटपट्टीच्या वरच्या कडेला त्यांनी पेन्सिलीने खूण केली होती, म्हणून नेमकी जागा सापडली. मग सासूबाईंकडून देवातला कापूस मागून आणला, त्याचा घट्ट बोळा करून डाव्या कानात बसवला, आणि वर हेडफोन चढवला. डावीकडचा दणका विझत गेला. पेटी, टाळ, मागे पाच-सहा जणांचा आवाज, आणि त्यात अण्णांचा, सगळं सरकत सरकत मधोमध येऊन उभं राहिलं.