झाकण उघडल्याची नोंद

माझ्या दिराबद्दल मी त्या वर्षी जे जे बोलले ते सगळं इथं लिहिता येण्यासारखं नाही. उंटावरचा शहाणा हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. औरंगपुऱ्यात एका गल्लीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझा जुना लॅपटॉप रांगायला लागला तेव्हा यानंच तो नेला आणि आत लिनक्स घालून परत आणला. "वहिनी, फुकट हाय, व्हायरस नाय, लई हलकं चालतंय," असं त्याचं म्हणणं. फुकट म्हटलं की एरवी माझ्या मनात लगेच पाल चुकचुकते. त्या दिवशी ती कुठं गेली होती कोण जाणे.

मी तेव्हा एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी, आणि माझ्या पीएच.डी.ची मुदत जूनअखेर संपत होती. मुदतवाढ मिळते तीही घेऊन झाली होती. जून गेला की नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात. विषय होता मेंढपाळांच्या बोलीचा. माझे वडील मेंढरांमागं फिरलेले, नवऱ्याचेही. वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून मेंढरं बसवलेल्या रानांमध्ये बसून मी म्हाताऱ्यांच्या तोंडून शब्द गोळा केले होते. ते कागदावर आणायला दिवसात दोनदा पाऊण तास मिळायचा. सकाळी पावणेनऊ ते साडेनऊ, आणि कॉलेजातून परतल्यावर सव्वाचार ते पाच. पाचला पुंडलिकनगरातली अर्धी गल्ली शिकवणीला माझ्या हॉलमध्ये येऊन बसायची.

लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करायचा तर सात-आठ मिनिटं जायची. मग प्रबंध उघडा, शब्दांची यादी उघडा, मुलाखतीचं रेकॉर्डिंग नेमक्या जागी आणून थांबवा. निम्मा वेळ यातच संपायचा. म्हणून मी मशीन बंद करत नसे. नुसतं झाकण मिटायचं. मशीन झोपतं, एक बारका दिवा लुकलुकत राहतो, आणि झाकण उघडलं की सगळं होतं तिथून सुरू होतं. निदान व्हायला हवं होतं. पण सव्वाचारला येऊन उघडावं तर पडदा काळा, दिवा विझलेला, आणि बटण दाबलं की पहिल्यापासून श्रीगणेशा. कधी आठवडाभर नीट चालायचं. मला वाटायचं, सुधारलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा रोज मेलेलं.

दीर बोलावला की यायचा. मांडी घालून बसायचा, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीबाही टाइप करायचा आणि वर न बघता बोलायचा.

"वहिनी, ह्याला झोपवूच नका. हायबरनेट करू. समदं डिस्कवर लिहून मशीन पुरतं बंद व्हतं. दिवा बी लागत नाय. परत चालू केलं की समदं जाग्यावर."

"भाऊजी, झोपेत काय बिघाड आहे ते तुम्ही सांगत नाही. हे नवीन खूळ कशाला?"

"झोपंत बिघाड नाय."

"मग मरतं कसं?"

यावर तो चार्जरची वायर गुंडाळत बसायचा.

त्याचं हायबरनेटही धड होईना. मशीनची सगळी आठवण ज्या जागेत उतरवून ठेवायची, त्या जागेला स्वॅप म्हणतात. ती यानंच सुरुवातीला दोन जीबीची ठेवली होती आणि रॅम होती आठची. पाच माणसांचा स्वयंपाक वाटीत काढायला निघालेला माणूस! ती जागा वाढवली, तर चालू होताना मशीन तिथं बघेचना. काल काही घडलंच नाही अशा थाटात नव्यानं सुरू व्हायचं. ते कुठं बघायचं हे त्याला वेगळं लिहून द्यावं लागतं म्हणे. त्यासाठी आणखी दोन रविवार. मी म्हणाले, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. माझं दुखणं झोपेचं आणि तुमची औषधं भलत्याच रोगावर. तो म्हणाला, "तसं समजा."

नवरा या सगळ्यात जेवत असायचा. वाळूजला एका कारखान्यात तो मशीनवर आहे. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. मी तोंड सोडलं की तो भाकरीचा तुकडा मोडून म्हणायचा, "जाऊ दे, जुनं मशीन हाय." त्याचा भाऊ खाली मान घालून बसलेला असायचा.

एप्रिलात तिसरं प्रकरण गेलं. सव्वाचारला मशीन पुन्हा मेलेलं होतं; चालू करून फाईल उघडली तर आत शून्य. सारखी वीज तोडल्यासारखं बंद पडत गेलं की जुन्या डिस्कवर असं होतं, हे मला नंतर कळलं. पेन ड्राइव्हवरची प्रत अकरा दिवसांपूर्वीची होती. मेंढरांच्या आजारांची नावं, कानाच्या आकारावरून पडलेली नावं, कातरणीच्या वेळचे शब्द, अकरा दिवसांत बसवलेलं सगळं गेलं. मी हमसून रडले आणि मग दिराला फोन करून बोलावलं, ते फक्त बोलून घ्यायला. अर्धवट शिकलेल्यानं दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये, इथपासून सुरुवात केली. शेवटी म्हणाले, "यापुढं माझ्या लॅपटॉपला हात लावायचा नाही. निघा तुम्ही."

"हायबरनेटचं एवढं एक राहिलंय, वहिनी. अर्धा तास द्या."

"निघा म्हटलं ना!"

तो चपला घालून गेला. नवरा दारापर्यंत पोचवायलाही उठला नाही. हाताची घडी, तोंडावर बोट.

हाकलून तर दिलं. आता बघणार कोण? मीच बघायला बसले. बोलीतला एकेक शब्द उकलणाऱ्या बाईला मशीनचं बोलणं उकलता येऊ नये की काय, असा राग होता. लिनक्स स्वतःची रोजनिशी ठेवतं. कुठल्या क्षणी काय झालं ते सगळं त्यात उतरतं, आणि मरण्यापूर्वीची नोंदही वाचता येते. मी ती वाचली. सकाळी नऊ एकतीस, झाकण मिटलं. मशीन झोपलं. त्यानंतर दुपारी एक बेचाळीस, झाकण उघडलं. एक बेचाळीस, मशीन जागं झालं. एक एकोणपन्नास, शेवटची ओळ. त्यापुढं काही नाही.

दुपारी एक बेचाळीसला मी कॉलेजात असते.

आधीच्या दिवसाची नोंद काढली. एक अडतीसला उघडलं. त्याच्या आदल्या दिवशी, एक चाळीसला. मागं मागं जात राहिले. पाच-सहा दिवस ओळीनं हेच, मग आठवडाभर काहीच नाही, मग पुन्हा तेच. स्वयंपाकघरात आमचं कॅलेंडर असतं. डबा सकाळी चारला करायचा की दुपारचा, हे कळावं म्हणून मी त्यावर नवऱ्याच्या पाळ्या लिहून ठेवते. लॅपटॉप उचलून कॅलेंडरखाली नेला आणि ओट्यावर ठेवला. मशीन मेलेला प्रत्येक आठवडा दुसऱ्या पाळीचा होता. दुसऱ्या पाळीला त्याची बस क्रांती चौकातून दोनला सुटते. तो घरून दोनला दहा कमी असताना निघतो.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून थेट औरंगपुऱ्याला गेले. माफी मागायची होती, आणि मला माफी मागता येत नाही. गाडी लावेपर्यंत चार वाक्यं जुळवली आणि चारही मोडली. दुकानात तो एक लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढत होता. मी म्हटलं, "भाऊजी, मी रोजनिशी वाचली. तुमची चूक नव्हती."

त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तेवढ्यानं मला कळलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यात बघितलं व्हतं, वहिनी."

"आणि सांगितलं नाही?"

"दादाचं नाव कसं घेऊ? म्हणून तर हायबरनेट म्हणत व्हतो. दिवाच लागला नाय तर त्याला वाटंल बंदच हाय. मग त्यो हात लावणार नाय, आन् तुमचं काम बी व्हईल."

म्हणजे माझ्या घरात मला काम करायचं असेल तर माझ्या मशीननं मेल्याचं सोंग घ्यायचं. ही या भावांची दुरुस्ती! मी सहा महिने याला शिव्या घातल्या आणि यानं त्या निमूट खाल्ल्या, ते माझ्यासाठी नव्हे, भावासाठी. मी म्हणाले, "माफी मागायला आले होते. आता मागत नाही." तो म्हणाला, "नका मागू." मी गाडी काढली.

ती दुसऱ्या पाळीची रात्र टाळून मी रविवारची दुपार धरली. नवरा जेवून हात पुसत होता. लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला.

"हा दुपारी तुम्ही बंद करता ना?"

"दिवा लुकलुकत असतो. बॅटरी फुगते. आमच्याकडं पाळी सुटली की मशीन बंद करूनच निघायचं असतंय. सवय हाय."

"बंद करायला बटण पाच सेकंद दाबावं लागतं. उघडल्यावर सात-सात मिनिटं काय करत होता?"

मी उभीच राहिले.

"वाचत व्हतो," तो म्हणाला.

"काय?"

"तू लिहिलेलं. रोज वाटायचं, आज कळंल. मेंढरांचंच हाय म्हणल्यावर मला कळायला पायजे ना? माझा बाप जल्मभर मेंढरंच राखायचा. एक ओळ कळली नाय."

"आणि मग बंद करत होता."

"म्हणलं, असंच चार-सहा महिने गेलं तर कंटाळशील. सोडून देशील नाद."

"भावाला माझ्या शिव्या बसत होत्या, ते ऐकत होता तुम्ही. तिसरं प्रकरण गेलं, मी रडत होते, तेव्हाही समोर बसला होता."

"प्रकरण जाईल असं मला वाटलं नव्हतं."

मला त्याची कीव आली का? आली. क्षणभर डोळ्यांपुढं तो दिसला, कंपनीचा शर्ट घालून, डबा बाजूला ठेवून, माझी ओळ बोटानं धरून वाचणारा. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं अगदी ओठावर आलं. मग ते अकरा दिवस आठवले, आणि ते म्हातारे आठवले, ज्यांच्यातला एक तोवर वारलाही होता. ओठावरचं मी गिळलं. लॅपटॉप पिशवीत घातला. तेव्हापासून तो रोज माझ्याबरोबर कॉलेजात जायचा आणि माझ्याबरोबरच यायचा.

तिसरं प्रकरण पुन्हा लिहिलं. पहिल्याइतकं चांगलं झालं नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात प्रबंध सादर केला. बांधायला देण्याआधी मार्गदर्शक बाईंनी पानं चाळली आणि म्हणाल्या, "ऋणनिर्देशात यजमानांचा उल्लेख राहून गेलाय बघ. सगळ्या जणी लिहितात."

"राहून नाही गेला, मॅडम."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पान उलटलं.

एक प्रत घरी आणली. नवऱ्यानं ती मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून उघडली. आतलं सगळं विद्यापीठाच्या मराठीत आहे. ऋणनिर्देश तेवढा मी साध्या भाषेत लिहिला होता, नावानिशी, कोणी काय दिलं ते. दोनच पानं. तो बोट फिरवत सावकाश वाचत गेला. त्यातली ओळ न् ओळ त्याला कळली.