मीच लिहिलेला पंचनामा

मत्स्य खात्यात लागून मला तेव्हा तीन वर्षं झाली होती. सकाळी जुळे सोलापुरातून जीपनं निघायचं आणि माढ्याच्या बाजूला धरणाच्या काठावर पोचायचं. पाण्यातले गावरान मासे संपत आले होते, ते पुन्हा वाढवायची सरकारी योजना होती. बोटाएवढी पिल्लं सोडायची आणि बारीक आसाची, म्हणजे पिल्लंही अडकतील इतक्या लहान भोकांची जाळी बंद करायची, ही माझी दोन कामं.

पहिल्यांदा पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून पिल्लं आली तेव्हा फोटोसाठी सगळ्यांची घाई चाललेली. कंबरभर पाण्यात उभी असलेली एक बाई माझ्यावर ओरडली, "मॅडम, पिशव्या लगीच फोडू नका! तरंगू द्या पाण्यावर. पाण्याची सवय झाली न्हाय तर मरत्याल की."

पन्नाशीची बाई. नवरा गेल्यावर एकटी होडी घालायची. आम्ही थांबलो, पिल्लं जगली. तेव्हापासून मी तिला मावशी म्हणायला लागले.

बारीक जाळं तिच्याकडेही होतं. मी तिला सांगितलं होतं, "मोठ्या आसाची जाळी सरकार देणार आहे. ती आली की हे टाकून द्या." तिनं मान डोलावली होती.

नवी जाळी आली नाहीत. जप्तीचा आदेश मात्र आला.

पोलिसाला घेऊन काठावर गेले तेव्हा पहिली होडी तिचीच लागली. मला बघून ती हसली. मागे पोलीस दिसला आणि तिचं हसू गेलं.

"मावशी, जाळं द्यावं लागेल."

"मोटी जाळी कुटं हाईत मग?"

पोलिसानं जाळं ओढायला हात घातला, तशी ती म्हणाली, "थांबा. आत पिल्लं हाईत. तुमीच सोडल्याली."

वाकून ती एकेक पिल्लू सोडवायला लागली. मीही बसले. माझ्या बोटांत दोरा गुंतत होता, तिच्या नाही. शेवटचं पिल्लू पाण्यात गेल्यावर तिनं जाळ्याची गुंडाळी करून माझ्या हातात दिली. पंचनामा मी लिहिला, तिनं अंगठा दिला.

वर्षभरानं नवी जाळी आली. सोबत वाटपाचे नियम आले. ज्याच्यावर कारवाई झाली असेल, त्याला जाळं नाही. मी वर तीन पत्रं लिहिली. बदलीसाठीही अर्ज केला. एकाचंही उत्तर आलं नाही.

निदान आपल्या तोंडानं सांगावं म्हणून तिच्या घरी गेले. होडी दारात पालथी घातलेली होती. ती आता दुसऱ्यांचे मासे निवडायला जात होती. सगळं ऐकून घेऊन तिनं मला बसायला पाट दिला.

"तुमी तरी काय करणार?" म्हणाली.

शिव्या दिल्या असत्या तर उठून जाता आलं असतं. मी तशीच बसून राहिले. पुढच्या आठवड्यात पिल्लांची नवी गाडी यायची होती, आणि त्या गाडीवर माझीच नेमणूक होती.