नाखवांना खरं हवं होतं

बोटीवर उभे राहिले, की नाखवा समुद्राकडे बघायचेच नाहीत. डोळे किलकिले करून किनाऱ्याकडे बघायचे. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरातली घळ एका रेषेत आली, की म्हणायचे, "टाक जालं." पाण्याखालचे मासळीचे खडक ते अशा खुणांवरून ओळखत. या खुणा त्यांनी कोणालाच दिल्या नव्हत्या. लेक रेशमा स्वतः बोट चालवायची, मागे लागायची, तर म्हणायचे, "पुढल्या वर्साला दावतो. घाई काय हाय?"

मुरुडच्या बंदराजवळ माझं औषधांचं दुकान. सकाळी मासळीचा लिलाव आटोपला, की नाखवा येऊन बसायचे आणि माझ्याकडून पेपर वाचून घ्यायचे. "खरा तेवढाच वाच गो," असं वर बजावायचे.

एका सकाळी मला त्यांचे डोळे पिवळे दिसले. कावीळ म्हणून तीन आठवडे त्यांनी कसलीशी मुळी उगाळून घेतली; अंगाला खाज सुटली, ते निम्मे झाले. शेवटी रेशमा त्यांना मांडव्याहून लाँचनं मुंबईला घेऊन गेली. पित्ताच्या नळीत कॅन्सरची गाठ होती. यकृताच्या तुकड्यासकट ती काढली.

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला, तो रेशमा आधी माझ्याकडे घेऊन आली. गाठ नळीच्या भिंतीबाहेर गेली होती, शेजारच्या दोन लसिकाग्रंथींतही पोचली होती. तिसरी स्टेज.

"ताई, बाबा तुझ्याकडूनच वाचून घेतील. पहिली म्हणून सांग."

मी सांगितलं. नाखवा लहान मुलासारखे हसले. "मंग पुढल्या वर्साला दावीन पोरीला सगला."

ते वाक्य मला सोडेना. चार दिवसांनी त्यांच्या घरी गेले आणि रेशमासमोरच खरं सांगून टाकलं. ती उठून आत गेली.

"गाठ कवा परत येल?" नाखवांनी विचारलं.

"ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. लवकर येईल, उशिरा येईल, कदाचित येणारही नाही."

त्यानंतर महिनाभर ते दुकानात फिरकले नाहीत. केमोच्या गोळ्या रेशमा न्यायची, माझ्याशी न बोलता. पण जखम भरल्यावर ते तिला घेऊन बोटीवर चढले, आणि तो अख्खा हंगाम एकेक खडक दाखवत राहिले. ती वही काढायची, तर म्हणायचे, "कागूद भिजतो. डोल्यात ठेव."

ऑपरेशननंतर नाखवा अडीच वर्षं जगले. मग यकृतात पुन्हा गाठी दिसल्या. शेवटी मी भेटायला गेले, तेव्हा रेशमा समुद्रावर होती. त्यांनीच पाठवलं होतं. मी हात हातात घेतला. पिवळा, हलका झाला होता.

"तू खोटा बोललीस ना," ते हळूच म्हणाले, "त्या चार दिसांत मना जशी झोप लागली गो, तशी पुना न्हाय लागली."

आठवड्यानं ते गेले.