निम्मा झालेला पीएसए

दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत अख्खी संहिता तोंडपाठ असलेले पुरुष आहेत. लघवी अडते हे मात्र त्यांना बायकोलाही सांगता येत नाही. माझे काका त्यातलेच. दशाश्वमेध घाटावर यजमानांचे विधी चालवतात. एका श्राद्धात तीनदा उठावं लागलं, तेव्हा कुठे त्यांनी रक्त तपासून घेतलं. पीएसए नऊ पूर्णांक दोन.

हे द्रव्य प्रोस्टेटमधून रक्तात उतरतं. वाढलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, पण डॉक्टर म्हणाले, बायोप्सी करू, ग्रंथीचे तुकडे तपासू.

"सुई कुठून घालतात ठाऊक आहे का?" काका घरी येऊन फणफणले. "त्यानंतर मी विधीला बसू कुठल्या तोंडाने?"

शेजारच्या शास्त्रीबुवांना तेवढंच हवं होतं. त्यांनी स्वतःचं चूर्ण दिलं. आठ महिन्यांनी आकडा आला पाच पूर्णांक एक. गल्लीतल्या चबुतऱ्यावर सभाच भरली.

"अर्ध्यावर आला! देख लो!"

मी गल्लोगल्ली प्रोस्टेटच्या तपासणीची पत्रकं वाटते. "तरी बायोप्सी करा," मी म्हटलं.

"बाईमाणसाने यात पडू नये," शास्त्रीबुवा म्हणाले.

"पुरुषमाणसं पडतायत कुठे? कुणीतरी पडायला हवं ना."

त्याच आठवड्यात काकू धोतर धुवायला घेत होती, तर कनवटीतून गोळ्यांची पट्टी पडली. प्रोस्टेट आकसवून लघवी मोकळी करणारी गोळी. मेडिकलवाल्याकडून गुपचूप आणलेली, रोज एक. ही गोळी काही महिन्यांत पीएसए साधारण निम्म्यावर आणते. कॅन्सर असला तर तो आत तसाच राहतो. माझ्या पत्रकात हे ठळक अक्षरांत आहे. काकांनी त्यावर चणे खाल्ले होते.

"कधीपासून घेताय?" मी काकांना विचारलं.

"ओरडू नकोस. आठ महिने झाले. चूर्णाचा गुण म्हणून घाटभर सांगून बसलोय. दोन यजमानांनी नेलंसुद्धा."

"म्हणजे शास्त्रीबुवांच्या पुडीची अब्रू राखायला तुम्ही मरणार?"

मी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

"और कोई दवा?" डॉक्टरांनी विचारलं.

"चूर्ण," काका म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांनी कनवट सोडली आणि पट्टी टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "तो इसे दूना समझिए, पंडितजी." म्हणजे दहाच्या वर. आकडा उतरला नव्हताच, चढला होता.

बायोप्सी झाली. बारा तुकडे काढले, त्यातल्या दोनांत कॅन्सर. ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही, उपचार होतील, असं डॉक्टर म्हणाले. आठ महिने वाया घालवून मिळालेली ही मेहेरबानी.

संध्याकाळी काका स्वतःच चबुतऱ्यावर गेले. "शास्त्रीबुवा, गुण गोळीचा होता. माझ्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सर आहे. त्या दोन यजमानांना आत्ता फोन करा."

"हळू बोला हो. वरून बायका ऐकतायत."

"ऐकू दे," काका म्हणाले. "नंबर लावा."