पावेलची स्लिवोवित्से

यारोस्लाव अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्या विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागात काच फुंकायचे. प्रयोगाला लागणारं चित्रविचित्र उपकरण आम्ही कागदावर काढून द्यायचं. ते तापलेल्या नळीत हलकेच श्वास सोडायचे आणि काच लवायची, वळायची, हवी तिथे थांबायची. नागपूरहून नुकतीच आलेली मी पहिल्या दिवशी नुसती पाहतच राहिले. त्यांना ‘सर’ म्हटलं तर हसले. “सर वरच्या मजल्यावर असतात. मी तळघरातला यारोस्लाव.”

दर सप्टेंबरात एका रविवारी दुपारी ते नव्या-जुन्या विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलवायचे. अट एकच, त्यांच्या चेक मुलखातलं काहीतरी चाखून पाहायचं. आधी बिअर, वर दोन बोटं फेस. “फेस नसेल तर चेक माणूस ग्लास परत पाठवतो!” मग बेखेरोव्का, लवंग-दालचिनीच्या वासाची, कडसर गोड, मला ती थेट सर्दीच्या काढ्यासारखी लागली. माझ्यासारख्या दारूला कधी न शिवलेल्यांसाठी मेडोविना, म्हणजे मधाची वाइन. मी तिच्यावरच थांबायचे. सगळ्यात शेवटी स्लिवोवित्से. त्यांच्या गावाकडच्या प्लमची, दिसायला पाण्यासारखी, घशात निखारा. ग्लास भिडवताना कोणी इकडेतिकडे पाहिलं की ते हात मागे घ्यायचे. “आधी डोळे, मग ग्लास. डोळ्यांत न बघता पितो तो एकटाच पितो.”

२००४ साली त्या जेवणाला निकोलाय आले होते. वर्षभरासाठी आमच्या लॅबमध्ये आलेले रशियन शास्त्रज्ञ, पंचावन्नच्या आसपासचे, अबोल. कोणीतरी सहज विचारलं, “तुम्ही प्राग पाहिलंय?”

त्यांनी काटा खाली ठेवला. “एकदाच. अडुसष्टच्या ऑगस्टमध्ये. एकोणीस वर्षांचा होतो. रणगाड्यातून गेलो होतो.”

सोव्हिएत फौजा त्यांच्या देशात घुसल्या त्याच साली यारोस्लाव तिथून पळाले, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ते उठले आणि तळघरात गेले. निकोलायही उठून कोट शोधू लागले. तेवढ्यात यारोस्लाव एक जुनी, मेणाने बंद केलेली बाटली घेऊन वर आले. त्यांची बायको हेलन माझ्या शेजारी होती. तिने माझं मनगट घट्ट धरलं. “ती पावेलची आहे,” ती पुटपुटली.

“बसा,” यारोस्लाव निकोलायना म्हणाले. “आमच्या घरी मुलगा झाला की बाप एक बाटली त्याच्या लग्नासाठी जपून ठेवायचा. ही माझ्या धाकट्या भावाची. त्या ऑगस्टमध्ये त्याला रस्त्यात गोळी लागली. वीस वर्षांचा होता. देश सोडताना ही सोबत आणली.”

त्यांनी मेण फोडलं, दोन ग्लास भरले. एक निकोलायच्या हातात दिला, दुसरा पुढे धरून उभे राहिले. निकोलायची मान वर होईना. यारोस्लाव थांबले. या वेळी त्यांनी हात मागे घेतला नाही. अखेर निकोलायनी ओले डोळे वर केले. ग्लास भिडले. एवढा मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी विभागाच्या तळघरात यारोस्लावना विचारल्यावाचून मला राहवलं नाही. “माफ केलंत त्यांना?”

त्यांनी ज्योत बारीक केली. “माफ करायला पावेल हवा. मी कोण?” मग हातातली नळी खाली ठेवली. “त्या ऑगस्टमध्ये आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं, रशियन सैनिकांना पाणीसुद्धा द्यायचं नाही. माझ्या दारात एक पोरगा आला होता, ओठ फुटलेले. मी दार लावून घेतलं. आजही लावीन. पण छत्तीस वर्षं झाली, तो दारातून हलत नाही.”

२००७च्या हिवाळ्यात यारोस्लाव गेले. मी तेव्हा तासाभरावरच्या ट्रॉय शहरात नोकरी करत होते; बर्फातून ड्राइव्ह करत दफनभूमीवर पोचले. पेटीला खांदा द्यायला हेलनने सहा जणांना बोलावलं होतं. पुढे, उजव्या बाजूला, मॉस्कोहून आलेले निकोलाय होते.