डाव्या कानाचा पडदा

नवऱ्याला थेंब आणायला मेडिकलमध्ये पाठवून डॉक्टर मॅडमनी दार लोटलं. म्हणाल्या, "मोरीत पडून कान असा फाटत नाही. थप्पड बसली की फाटतो. मारणारा उजव्या हाताचा आहे. कोण?"

आजाराचं नाव टिम्पॅनिक मेम्ब्रेन परफोरेशन. म्हणजे कानाच्या पडद्याला पडलेलं भोक.

ते २००७ साल होतं. मी नाशिकजवळच्या गावात अंगणवाडीत शिकवायचे. तीन दिवस डाव्या कानात शिट्टी वाजत होती, उशीवर रक्ताचे डाग पडत होते. मुलं हाका मारत ते कळेना, म्हणून शहरात दाखवायला आले. मोरीत घसरले हे नवऱ्याने सांगितलं आणि मी मान डोलावली. नऊ वर्षं डोलावतच होते.

"हेच," मी म्हणाले. "आत्ता बाहेर गेले ते."

मॅडमनी केसपेपरवर लिहिलं, पतीकडून मारहाण. खाली एमएलसी. एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवावी लागते अशी दुखापत.

चक्कर थांबेना म्हणून दाखल केलं. संध्याकाळी नवरा मोसंबी घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बँकेत कारकून होता. एकेक फोड सोलून, बी काढून त्याने माझ्या तोंडापुढे धरली. शेजारच्या खाटेवरची सुरगाण्याची बाई म्हणाली, "तुमचा माणूस लय गुणाचा हाय."

त्या बोटांचा वास आला आणि मला भडभडून उलटी झाली. नर्स म्हणाली, चक्करेमुळे होतं असं. चक्करेमुळे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हवालदार आले. नवऱ्याने त्यांना चहा आणून दिला. तो पीत पीत ते मला सांगू लागले, "ताई, घरातलं घरात मिटवा. सज्जन माणूस दिसतोय." सासूबाई पायथ्याशी बसल्या होत्या. "एका थपडेचं केवढं केलंस! दुसरा कान आहे ना शाबूत?"

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. पण खरं सांगते, सगळ्यात जास्त शिसारी मला माझीच आली. या माणसाची अब्रू राखायला मी किती खोटं बोलले होते!

"जबाब लिहून घ्या," मी हवालदारांना म्हणाले. "मिटवायचं नाहीये."

घरगुती हिंसाचाराचा कायदा तेव्हा नुकताच लागू झाला होता. मॅडमनीच मला संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवलं. फायलींच्या ढिगाआड बसलेल्या त्या बाईंनी मला एक गोष्ट दोनदा सांगितली, "घर तुमच्या नावावर नसलं तरी तुम्हाला तिथून कोणी काढू शकत नाही." मला ती दोनदा ऐकावी लागली, कान धड असता तरी लागली असती. पुढे कोर्टाचा आदेश आला. मारायचं नाही, धमकवायचं नाही, घराबाहेर काढायचं नाही. मी घरातच राहिले. नवरा आणि सासूबाई विंचूरला दिरांकडे राहायला गेले. जाताना त्यांनी गावभर माझी बदनामी केली.

पडदा तीन महिन्यांत आपोआप भरेल असं वाटलं होतं. भरला नाही. मग टिम्पॅनोप्लास्टी झाली, म्हणजे कानाजवळचाच पातळ पापुद्रा घेऊन पडद्याला लावलेलं ठिगळ. ऑपरेशनच्या फॉर्मवर नातेवाइकाची सही हवी होती. पंचवटीत भाजी विकणारी माझी आई हातगाडी तशीच सोडून आली. मार खाऊन मी दोनदा माहेरी गेले होते. दोन्ही वेळा तिनेच मला बसमध्ये बसवून दिलं होतं.

फॉर्मवर अक्षरं जुळवत तिने सही केली. मग माझ्या उजव्या बाजूला येऊन, मला नीट ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाली, "मी तुला परत पाठवायला नको होतं." सगळ्या वॉर्डाने ऐकलं. तिने आवाज कमी केला नाही.

डाव्या कानाने आजही कमीच ऐकू येतं. मॅडमची मी ऋणी आहे, कानाइतकीच त्या लोटलेल्या दारासाठी. तुम्ही कधी डॉक्टरांपुढच्या स्टुलावर बसलात आणि मागे मारणारा उभा असला, तर त्यांना एवढंच म्हणा, यांना जरा बाहेर पाठवा.