बाबांचे ओठ आणि टेमघरची लाइन

बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. घरात त्याची फारशी अडचण झाली नाही. जन्मभर कापडाच्या लूमच्या खटखटाटात उभा राहिलेला माणूस. कारखान्यात ओरडून उपयोग नसतो. ओठ मोठे हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. मी लहानपणी डबा घेऊन जायचे, तेव्हाच मला ते जमायला लागलं होतं. धाकटा भाऊ तर शाळेपासून तिथेच वाढला.

अडचण एवढीच, की भाऊ कॅनडात होता. तेव्हाच्या फोनवर ओठ दिसत नसत.

तो लूम सोडून निघाला तेव्हा बाबा म्हणाले होते, जातोस तर परत तोंड दाखवू नको. नंतरची सगळी वर्षं दोघांमधले निरोप मीच नेले. ‘बाबा विचारत होते, तू नीट जेवतोस का.’ ‘तो म्हणत होता, तुम्ही गोळ्या वेळेवर घ्या.’ दोघांपैकी कुणीच असं म्हणालेलं नसायचं. घर चालवायचं तर हे करावं लागतं.

पण डॉक्टरांनी आता पुढे काही करण्यासारखं नाही म्हटल्यावर बाबांनी मला खाटेजवळ बोलावलं.

“पोराशी बोलायचा हाय.” ओठ सावकाश हलले.

“मी सांगते ना त्याला फोनवर.”

“तू नको. तू साखर घालून सांगतस.”

लिहून द्या म्हटलं, तर मान हलवली. त्यांचं लिहिणं सही आणि ताग्यांचे आकडे, त्यापलीकडे कधी गेलंच नव्हतं.

भावाला येता येईना. तिथे राहायचे कागद अर्धवट होते, निघाला असता तर परत जाता आलं नसतं. मग मी कामाला लागले. ब्रॉडबँड तेव्हा नुकतंच आमच्याकडे टेमघरला पोचलं होतं. ते घेतलं, कॅमेरा आणला, कॉम्प्युटर बाबांच्या खाटेशी लावला. पहिल्याच दिवशी भावाचा चेहरा झकास दिसला. तो मात्र विचारत होता, “बाबा फोटोसारखे का बसलेत?”

बाबा बोलत होते. तिकडे उघडलेले ओठ दिसायचे, मग बऱ्याच वेळाने मिटलेले. मधलं सगळं गळून जायचं.

मी एकेक कारण खोडत गेले. मोडेम बंद करून चालू केला. स्वयंपाकघरातला जोडफोन काढून टाकला. खिडकीपासून आतली वायर नवी घातली. तक्रार नोंदवली, पुन्हा नोंदवली. शेवटी लाइनमन आला, खांबावर चढला, उतरून हात पुसत म्हणाला, “ताई, तुमच्याकडे येतंय बरोबर, जातंय कमी. वर जॉइंट सडलाय.”

“मग नवीन करा.”

“केलाय. पण केबलच म्हातारी आहे, गॅरंटी नाय. शुक्रवारी सकाळी बघा. लूम बंद असतात, लाइनीत खरखर कमी.”

शुक्रवारी मी इन्व्हर्टर तपासला. बाबांची दाढी करून दिली, मिशी कातरली, ओठ स्पष्ट दिसावेत म्हणून. दिवा तोंडासमोर धरला. तिकडे अजून गुरुवारच होता.

चित्र तिकडे नीट पोचायला लागलं. नव्या कामगाराला शिकवावं तसे बाबा एकेक शब्द ओठांवर धरून ठेवत होते. भाऊ तो मोठ्याने म्हणायचा, बाबा मान डोलवायचे.

“तू,” भाऊ म्हणाला. “गेलास. तू गेलास. हो बाबा, गेलो. पुढे?”

तेवढ्यात मोडेमचा दिवा लुकलुकला आणि विझला. पडद्यावर भावाचा चेहरा होता तसा थांबला, कान देऊन ऐकत असल्यासारखा. बाबांना कळलं नाही. ते बोलत राहिले.

“तू गेलास, बरा झाला. मीच तुला धाडाया पायजे होता. मी भ्यालो. लूम कोन बघील, मी एकटा कसा ऱ्हाईन, याला भ्यालो.”

त्यांना मधे थांबवणं माझ्याच्याने झालं नाही. पुन्हा सगळं म्हणायचा दम त्यांच्यात उरला नव्हता. बोलून झाल्यावर माझ्याकडे वळले. “वाचला त्यानं?”

“हो,” मी म्हणाले.

लाइन दुपारी परत आली. बाबांना तेव्हा ग्लानी होती. पुढचा शुक्रवार त्यांना मिळाला नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर मी भावाला फोन लावला आणि बाबांचे शब्द जसेच्या तसे, त्यांच्याच बोलीत सांगितले. त्याच्याकडे फक्त ‘तू गेलास’ पोचलं होतं, आणि ते त्याने त्याच्या परीने समजून घेतलं होतं.

“मी भ्यालो, असं म्हणाले?” त्याने विचारलं. “आपले बाबा?”

“शपथ घेऊन सांगते.”

“राहू दे ताई,” तो म्हणाला. “नेहमीसारखं तू सांगितलंस, बरं वाटलं.”